नावे-जमा उलटी का लिहिली जाते? : वाणिज्य शिक्षणावरचे शोधनिबंध आणि आपण त्यांना करतो ती मदत

'जर्नल' म्हटलं की कॉमर्सच्या माणसाला आधी रोजकीर्द आठवते, संशोधन पत्रिका नंतर. रोजकीर्दीचा एक नियम आपण अकरावीच्या पहिल्या महिन्यात मुलांना घोकून घेतो. नोंद केली की खाली कंसात स्पष्टीकरण लिहायचं. व्यवहार का झाला, कशाबद्दल झाला. स्पष्टीकरण नसेल तर अर्धा मार्क कापतो. आता दुसऱ्या जर्नलमध्ये आपणच जे लेख पाठवतो, त्यात हे स्पष्टीकरण कितीदा असतं? आकडे असतात, तक्ते असतात, काई-स्क्वेअर असतो. हे का पाहिलं, याचं उत्तर नसतं. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

आम्ही काही जण गेली काही वर्षं जळगाव-धुळ्याकडच्या वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या शिक्षकांचे कच्चे लेख वाचतो. फी नाही, प्रमाणपत्र नाही. लेख पत्रिकेकडे जाण्याआधी कुणीतरी नीट वाचावा, एवढाच उद्देश. त्यामुळे आज जी टीका करणार आहोत त्यात आम्हीही आहोत, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी एक लेख समोर ठेवू. नाव कुणाचं घेणार नाही, आणि खरं तर दोन-तीन लेख मिळून हा एक केलेला आहे. विषय असा : बी.कॉम.च्या विद्यार्थ्यांना अकाउंटन्सी शिकताना येणाऱ्या अडचणी. शंभर विद्यार्थ्यांना प्रश्नावली. 'अकाउंटन्सी अवघड वाटते का?' 'शिक्षकांनी जास्त उदाहरणं सोडवावीत असं वाटतं का?' पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत, पाच रकाने. नमुना सोयीचा, म्हणजे त्या दिवशी वर्गात जे बसले होते ते. शून्य परिकल्पना, पर्यायी परिकल्पना. निष्कर्ष : बहुसंख्य विद्यार्थ्यांना विषय अवघड वाटतो. शिफारशी : शिक्षकांनी आयसीटीचा वापर वाढवावा, विद्यार्थ्यांनी सराव करावा, शासनाने लक्ष द्यावं.

हसू नका. हा लेख आपण सगळ्यांनी लिहिलेला आहे.

या लेखाला खान्देशात मिळणारी मदत कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. 'शोधनिबंध लेखन कार्यशाळा', एक किंवा दोन दिवस. सकाळी उद्घाटन, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक. मग स्कोपस म्हणजे काय, इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय, संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे, साहित्यचोरी तपासणीत टक्का किती चालतो आणि तो कसा खाली आणायचा. दुपारी एसपीएसएसचं प्रात्यक्षिक. संध्याकाळी प्रमाणपत्र. यातलं काहीच चुकीचं नाही, हे सगळं यावंच लागतं. पण ही मदत लेखाच्या शेवटाला होते. घर बांधून झालं, आता रंग कोणता द्यायचा त्याची चर्चा. पाया कुठे घातला हे कार्यशाळेत कुणी विचारत नाही, कारण ते विचारायला माणसाशेजारी बसावं लागतं आणि हॉलमध्ये दीडशे माणसं असतात.

त्या लेखाच्या लेखकासोबत आम्ही बसलो. लेखावर तासभर बोलून झालं, फार काही निघालं नाही. मग चहाला बाहेर पडलो, आणि चहा पिताना ते सहज बोलून गेले, "एक गंमत सांगू का? दुकानदारांची पोरं जास्त चुकतात. आणि चुकतात ती सगळी एकाच दिशेने. नावेचं जमा करतात, जमाचं नावे. शेतकऱ्यांची पोरं कशीही चुकतात, ही बरोबर उलटं लिहितात."

आम्ही विचारलं, सर, हे लेखात कुठे आहे?

ते म्हणाले, "त्यात काय लिहायचं? ते तर रोजचंच."

मंडळी, लेख तिथे होता. शंभर प्रश्नावल्यांत नव्हता. वीसेक वर्षं वह्या तपासून माणसाच्या लक्षात आलेली गोष्ट होती ती, आणि त्यांच्या मते ती संशोधन नव्हती. संशोधन म्हणजे प्रश्नावली, असं आपण त्यांना शिकवलेलं होतं.

मुलं उलटं का लिहितात, हे जरा सविस्तर पाहू, कारण विषयाचा गाभा इथे आहे. आपल्या देशी नामा पद्धतीत रोकडवहीच्या डाव्या हाताला जमा आणि उजव्या हाताला नावे. रामभाऊंकडून पैसे आले की डावीकडे रामभाऊंच्या खात्याला जमा. शामरावांना पैसे दिले की उजवीकडे शामरावांच्या नावे. त्या वहीत 'रोख' असं वेगळं खातं लिहीत नाहीत, ती वही म्हणजेच रोख. आता मूल कॉलेजात येतं. आपण फळ्यावर रोकडपुस्तक काढतो आणि सांगतो, डावी बाजू नावे, उजवी बाजू जमा. रोख आली की रोख खाते नावे. ज्याने जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर आजोबांच्या शेजारी बसून वही पाहिली आहे, त्याच्या डोक्यात आलेले पैसे म्हणजे जमा आणि जमा म्हणजे डावीकडे. आपण त्याच डाव्या बाजूला 'नावे' म्हणतो. तो गोंधळणार नाही तर काय?

बरं, त्याच्या घरची वही चुकीची आहे का? अजिबात नाही. ती समोरच्या माणसाच्या खात्याबद्दल बोलते, आपलं पुस्तक रोख खात्याबद्दल बोलतं. एकाच व्यवहाराची ही दोन टोकं आहेत. दुहेरी नोंद हेच तर शिकवायचं असतं. म्हणजे या मुलाकडे अर्धी दुहेरी नोंद घरूनच आलेली आहे आणि आपण लाल शाईने ती खोडतोय. आता बहुतेक दुकानांत हिशोब टॅलीत असतो आणि वही फक्त लक्ष्मीपूजनाला पुढे येते, तरीही 'जमा' आणि 'नावे' हे शब्द घरात त्याच अर्थाने बोलले जातात. शब्द वहीपेक्षा जास्त टिकतात.

यात जगातल्या कुठल्याही अकाउंटिंग शिक्षकाला रस वाटेल असा प्रश्न आहे. विद्यार्थ्याला आधीपासून असलेलं व्यवहारज्ञान नव्या संकल्पनेच्या आड कधी येतं, आणि त्याच ज्ञानाची पायरी कधी करता येते? इंग्लंडमध्ये मेयर आणि लँड यांनी २००३ पासून 'उंबरठा संकल्पना' ही कल्पना मांडली. काही संकल्पना अशा असतात की त्या ओलांडल्याशिवाय विषयाच्या घरात प्रवेश होत नाही, आणि ओलांडताना माणूस अडखळतो. नावे-जमा हा आपल्या विषयाचा उंबरठा. फरक एवढाच की खान्देशातल्या काही मुलांसमोर दोन उंबरठे असतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेला उघडतात.

आता हे संशोधन कसं करायचं? इथे मदत खरी लागते. त्या सरांना आम्ही पहिली गोष्ट सांगितली की प्रश्नावली बाजूला ठेवा. 'अवघड वाटतं का' हे विचारून मत कळतं, चूक कळत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पायऱ्यांवर मांडलं होतं : आवडलं का, शिकले का, वागण्यात उतरलं का, परिणाम झाला का. आपले नव्वद टक्के लेख (हा टक्का आमच्या अंदाजाचा, तक्ता मागू नका) पहिल्या पायरीवरच बसलेले असतात. विद्यार्थ्यांना भूमिकानाट्य आवडलं, फ्लिप्ड क्लासरूम आवडली, पीपीटी आवडली. आवडणारच. खडू-फळ्यापेक्षा काहीही आवडतं.

मग काय पाहायचं? चाचणीच्या वह्या. वर्गात घेतलेल्या साध्या चाचणीच्या, विद्यापीठ परीक्षेच्या नव्हे. प्रत्येक चुकीचा प्रकार ठरवायचा : बाजू उलटी, खातं चुकीचं, रक्कम चुकीची, नोंदच नाही. बाजू उलटी असेल तर ती सगळीकडे सारखीच उलटी आहे, की कधी अशी कधी तशी? सगळीकडे उलटी असेल तर मुलाकडे नियम आहे, फक्त तो दुसऱ्या वहीचा आहे. कधी अशी कधी तशी असेल तर नियमच नाही. दोन्ही वह्यांना मार्क सारखेच पडतात, आजार मात्र वेगळे. एका वर्गाच्या वह्या दोन शिक्षकांनी वेगवेगळ्या तपासायच्या आणि प्रकार जुळतात का ते पाहायचं. मग पाच-सहा मुलांना समोर बसवून नोंद करता करता मोठ्याने बोलायला सांगायचं. "हे डावीकडे का लिहिलंस?" मूल अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत उत्तर देईल. ते तसंच टिपून घ्या. लेख इंग्रजीत जाणार असला तरी मूळ वाक्य लेखात राहू द्या, भाषांतर त्याच्याखाली द्या.

आणि संमती. हे आपल्याकडे फार हलक्यात घेतलं जातं. तुम्ही शिक्षक आहात, अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत, आणि तुम्हीच विचारताय, 'तुझी वही संशोधनासाठी वापरू का?' मूल नाही म्हणेल का? म्हणून संमती दुसऱ्या कुणीतरी घ्यावी, गुण लागल्यावर घ्यावी, आणि नाही म्हटलेलं तुम्हाला कळू नये. चांगल्या पत्रिका हे विचारतात, आणि उत्तर नसेल तर लेख पहिल्याच टेबलावरून परत येतो. इतके कष्ट केल्यावर या एका कारणाने परत आलेले लेख आम्ही पाहिले आहेत.

आता आमची चूक सांगतो. लेख आकार घेऊ लागला तसे आम्ही हुशार झालो. परदेशी पत्रिका डोळ्यासमोर होती, शब्दमर्यादा होती. आम्ही सल्ला दिला, सिद्धांताची चौकट पक्की करा, देशी नाम्याचं वर्णन कमी करा, परदेशी वाचकाला ते समजणार नाही. सरांनी ऐकलं. वही, सराफ बाजार, आजोबा सगळं एका तळटीपेत गेलं. वर उरली संकल्पनांची शिडी. परीक्षकांचा शेरा आला तो साधारण असा होता : मुलं पद्धतशीर उलटं लिहितात हे रोचक आहे, पण ती तसं का लिहितात हे लेखातून कळत नाही. म्हणजे जे तळटीपेत ढकललं तेच त्यांनी मागितलं. परदेशी वाचकाला काय समजणार नाही हे आम्ही त्याच्या वतीने ठरवून मोकळे झालो होतो. मदत करणाऱ्याने लेखकापेक्षा मोठा आवाज काढला की असं होतं. लेख आता पुन्हा लिहिला जातोय, वही वर आली आहे, आणि छापून येईल की नाही ते आम्हालाही माहीत नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढं सगळं कशाला? पदोन्नतीला तर गुण लागतात. बरोबर आहे, आणि हा प्रश्न टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. २०१० च्या यूजीसी नियमांनी एपीआय आणलं, म्हणजे संशोधनाची मोजदाद गुणांत सुरू झाली. २०१८ च्या नियमांत वाणिज्य आणि व्यवस्थापनाला एका शोधनिबंधाचे १० गुण. दहाच, तो वर्षभर वह्या तपासून लिहिलेला असो की आठवड्यात लिहिलेला. माणूस हिशेबी आहे, आणि आपण तर हिशोबाचेच शिक्षक. जिथे दहा रुपयांना हिरा आणि दहा रुपयांनाच काच विकली जाते, तिथे दुकानात काय जास्त दिसेल?

मग पत्रिकांची दुकानं निघाली. पैसे भरा, आठ दिवसांत छापून घ्या. यूजीसीने जानेवारी २०१७ मध्ये मान्य पत्रिकांची यादी काढली, तीत ३८,६५३ पत्रिका होत्या. २०१८ च्या मार्चमध्ये 'करंट सायन्स'मध्ये पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कुठल्याही इंडेक्समध्ये नसलेल्या पत्रिकांचा नमुना तपासला, तेव्हा त्यातल्या ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका हलक्या दर्जाच्या असू शकतात असं निघालं. त्याच वर्षी २ मे रोजी यूजीसीने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. मग केअर आलं, त्याची यादी २०१९ मध्ये आली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअरची यादीही बंद झाल्याचं जाहीर झालं. आता पत्रिका चांगली की वाईट हे कॉलेज आणि विद्यापीठांनी ठरवायचं, त्यासाठी निकष सुचवले आहेत. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्तीही गेली होती.

या बदलांवर स्टाफरूममध्ये दोन प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक, सुटलो. दुसरं, आता दुकानदारांना रान मोकळं. आमच्या मते दोन्ही अर्धवट आहेत. यादी होती तेव्हा यादीत नाव आहे म्हणून आपण पत्रिका न वाचता लेख पाठवत होतो. ज्या पत्रिकेचे मागचे चार अंक आपण वाचलेले नाहीत, तिच्यात आपण काय बोलणार? लग्नाच्या पंगतीत अनोळखी घरी जाऊन बसण्यासारखं आहे ते. जेवण मिळेल कदाचित, पण ओळख होणार नाही. यादी गेल्यावर एक तरी काम पदरात पडलं, वाचायचं. वाणिज्य शिक्षणावरचे लेख घेणाऱ्या पत्रिका नीट पाहिल्या तर त्यांचे स्वभाव कळतात. 'इश्यूज इन अकाउंटिंग एज्युकेशन' वेगळी, 'जर्नल ऑफ मॅनेजमेंट एज्युकेशन' वेगळी. 'अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट लर्निंग अँड एज्युकेशन' २००२ पासून निघते आणि ती सिद्धांत मागते. तिथे पहिला लेख पाठवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे अहमदाबादच्या आयआयएमची 'विकल्प' १९७६ पासून आहे. मराठीत मराठी अर्थशास्त्र परिषदेचं 'अर्थसंवाद' आहे. मराठीत छापलं तर कमीपणा, ही समजूत आपली आपणच करून घेतलेली आहे.

धुळ्यात बसून आपण हे म्हणतो याची जरा लाज वाटायला हवी. राजवाडे गेल्यानंतर, १९२७ मध्ये, धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्याचं 'संशोधक' निघत आलं आहे, मराठीत. तिकडे अमळनेरला प्रतापशेठजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं, आणि तिथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघे, इंग्रजीत. एका गिरणीच्या गावातून तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक! म्हणजे पत्रिका ही पुण्या-मुंबईहून किंवा परदेशाहून यायची वस्तू आहे असं खान्देशाने कधी मानलं नव्हतं. मधे कुठेतरी आपण मानायला लागलो.

आता जैन हिल्सकडे बघा. ठिबक सिंचनाची जगभर गेलेली कंपनी इथली. तिच्यावरची व्यवस्थापनाची केस हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१२ मध्ये काढली. रे गोल्डबर्ग, शेतीव्यवसायाचे मोठे अभ्यासक, त्यांनी सहकाऱ्यांसोबत लिहिली. चांगली गोष्ट आहे, अभिमानाची आहे. पण त्या कंपनीच्या दारावरून रोज एसटीने जाणारे आपण त्या काळात काय लिहीत होतो? 'ग्राहकांच्या खरेदी वर्तनाचा अभ्यास, विशेष संदर्भ : जळगाव शहर'. शीर्षकातला 'विशेष संदर्भ' काढून तिथे सोलापूर घातलं तरी लेखात एक ओळ बदलत नाही.

केसवर थोडं बोलू, कारण आपल्या भागातल्या शिक्षकाला छापण्याचा सर्वांत प्रामाणिक रस्ता तो आहे असं आम्हाला वाटतं. एमराल्डची उदयोन्मुख बाजारपेठांवरच्या केसेसची पत्रिका २०११ पासून आहे, दक्षिण आशियाई केसेसची सेजची पत्रिका २०१२ पासून. पण आमच्याकडे केस म्हणून जे येतं ते बहुधा कंपनीचं कौतुकपत्र असतं. स्थापना, संस्थापकांचा जीवनपट, उत्पादनं, पुरस्कार, भविष्यातील योजना. केसला एक माणूस लागतो, जो निर्णयाच्या तोंडावर उभा आहे आणि ज्याच्याकडे माहिती अपुरी आहे.

केळी घ्या. रावेर-यावलचा शेतकरी. बाग तयार आहे, कापणी चार-सहा दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. रावेर बाजार समितीचा जाहीर भाव एक, बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव दुसरा, आणि बांधावर येऊन व्यापारी देतो तो तिसरा. माल नवती आहे की पिलबाग यावर भाव बदलतो. मजुरी कुणाकडे, कटती किती, पैसे कधी? आज द्यायचं, थांबायचं की गाडी स्वतः भरायची? हे वर्गात ठेवा. किंमतनिश्चिती, माहितीची विषमता, नाशवंत मालाची पुरवठा साखळी, सगळं येतं, आणि वर्गातली निम्मी मुलं तुमच्यापेक्षा जास्त जाणतात. आता त्याची शिक्षकांसाठीची टीप लिहा. ही केस कोणत्या वर्गाला, कोणत्या प्रश्नाने सुरू करायची, मुलं कुठे अडतात, फळ्यावर शेवटी काय उरतं. पत्रिका ही टीप केसइतकीच बारकाईने वाचते, कधी जास्तच. आणि ही टीप फक्त तो शिक्षक लिहू शकतो ज्याने ती केस तीन-चार वेळा खरोखर शिकवली आहे. बोस्टनला बसून ती लिहिता येत नाही.

अमेरिकेत अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये एक अहवाल लिहिला. विद्वत्ता केवळ नव्या शोधात नसते, शिकवण्याचीही विद्वत्ता असते आणि तिला तेवढाच मान हवा, असं त्यात मांडलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपलं विद्यापीठ जळगावात सुरू झालं. योगायोगच. पण विद्यापीठाला २०१८ पासून ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाईंचा दाखला इथे देतो. झिजलेला आहे, तरी देतो. त्यांना लिहिता येत नव्हतं. काम करताना त्या बोलत, गात, आणि सोपानदेव व त्यांचा मावसभाऊ ते टिपून ठेवत. पुस्तक आलं ते १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. टिपणाऱ्यांनी ते सुधारून पुणेरी केलं असतं तर आज आपल्याकडे काय असतं? लेखकाला मदत करणाऱ्याचं काम आम्हाला त्या टिपणाऱ्यासारखं वाटतं. चहा पिताना सर जे बोलतात ते आधी टिपायचं. चौकट, संदर्भ, इंग्रजी नंतर.

इंग्रजीचा उल्लेख निघालाच आहे तर, आता एक नवीन प्रकार सुरू झालाय. चॅटजीपीटीने धुतलेले लेख येतात. वाक्यं गुळगुळीत, चूक एक नाही. आणि वाचून झाल्यावर हातात काही राहत नाही. संदर्भांतले काही लेख शोधायला गेलं तर जगात नसतात. पूर्वीच्या मोडक्या इंग्रजीत निदान सरांचा राग, वैताग, वर्गातला एखादा प्रसंग फटीतून दिसायचा. ती फट आता बुजली. भाषा सुधारायला यंत्र वापरा, आमची हरकत नाही, पण आधी चार पानं तुमच्या मराठीत लिहून आम्हाला दाखवा. आम्ही अलीकडे ही अटच घातली आहे. त्यावरून दोघे-तिघे रागावून गेले.

आणि ज्यांच्या हातात कॉलेजं आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. कार्यशाळेचा खर्च आहे तेवढाच ठेवा, फक्त दीडशेऐवजी दहा माणसं बोलवा. प्रत्येकाचा लेख आठ दिवस आधी मागवा, दोघांनी वाचून या, आणि एका लेखावर एक तास बोला. परदेशातल्या परिषदांत संपादक असंच बसतात, लेख अपुरा असतानाच. त्याला ते लेख-विकास कार्यशाळा म्हणतात. तिथे जायला तिकीट आणि सदस्यत्व लागतं, इथे एक खोली पुरते. अहवालात उपस्थितीचा आकडा दहा दिसेल, ते सहन करावं लागेल.

एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, 'आमच्या कॉलेजात वाणिज्य विभागात मी एकटाच आहे. वह्या दुसऱ्याने तपासायच्या तर दुसरा कुठून आणू?' चांगला प्रश्न आहे. जळगाव आणि धुळे यांच्यात नव्वदेक किलोमीटर आहेत. तुम्ही जळगावकडचे असाल तर धुळ्याकडचा एक सहकारी धरा, त्याचीही हीच अडचण असणार. पहिल्या चाचणीच्या वीस वह्या तुम्ही त्याला पाठवा, वीस तो तुम्हाला पाठवेल. चुकांचे प्रकार आधी फोनवर ठरवा, मग वेगवेगळे तपासा, एकमेकांना न विचारता. जिथे जुळणार नाही त्या वह्या घेऊन एका रविवारी पारोळ्याला भेटा, दोघांनाही मध्येच पडतं. न जुळलेल्या वह्याच जास्त बोलतात. आणि पाठवताना मुलांची नावं, रोल नंबर झाकून झेरॉक्स काढा, मूळ वही हातची सोडू नका.

पुढची चिठ्ठी?